रॅलीची गाडी आणि शोरूममधली गाडी : नातं नियमाने जोडलं, नियमानेच तोडलं?

घाटवळण

जागतिक रॅली स्पर्धेच्या सगळ्यात वरच्या गटात गेली काही वर्षं तीनच नावं दिसतात : टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्ड. त्यातही फोर्डचा संघ एम-स्पोर्ट ही इंग्लंडमधली खासगी संस्था चालवते. लान्चिया, ऑडी, प्यूजो, सुबारू, मित्सुबिशी, सित्रोएन, फोक्सवॅगन सगळे आले, जिंकले आणि निघून गेले.

कंपन्या का जातात यावर चर्चा निघाली की मंदी, जाहिरातीचं बजेट, डिझेल प्रकरण (फोक्सवॅगनची प्रदूषण चाचणीतली फसवणूक) हीच कारणं पुढे येतात. ती खरी आहेतच. सुबारू आणि सुझुकी २००८ च्या शेवटी बाहेर पडल्या तो काळ मंदीचा होता. फोक्सवॅगनने २०१६ नंतर गाशा गुंडाळला तेव्हा डिझेल प्रकरणाचा दंड कंपनीच्या मानगुटीवर होता. पण मला वाटतं मूळ कारण त्याहून जुनं आहे, आणि ते होमोलोगेशनच्या नियमात दडलंय.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात : कंपनीला जी गाडी रॅलीत उतरवायची आहे, तशी गाडी तिने ठरावीक संख्येने बनवून गिऱ्हाइकांना विकली पाहिजे, हा तो नियम. ग्रुप बी या त्या वेळच्या मुख्य गटात ही संख्या २०० होती. १९८७ पासून ग्रुप ए हा मुख्य गट झाला, तिथे ५,०००, पुढे १९९३ पासून २,५००. त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्ह आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडी शर्यतीत हवी असेल तर तीच गाडी शोरूममध्येही ठेवावी लागायची. लान्चिया डेल्टा इंटेग्राले, टोयोटा सेलिका जीटी-फोर, सुबारू इम्प्रेझा, लान्सर इव्होल्यूशन, एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थ या सगळ्या गाड्या लोकांच्या दारात उभ्या राहिल्या त्या या नियमामुळे. एस्कॉर्टचा तो मागचा भलामोठा पंख कुठल्या विक्री विभागाने मागितला असेल? तो रॅलीसाठी होता, आणि नियमापोटी गिऱ्हाइकालाही मिळाला.

१९९७ मध्ये 'वर्ल्ड रॅली कार' नावाचा नवा गट आला. आता कंपनीने वर्षाला २५,००० साध्या गाड्या विकल्या की पुरे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या हॅचबॅकला टर्बो आणि फोर-व्हील ड्राइव्ह फक्त रॅलीपुरतं बसवायची मुभा मिळाली. जास्त कंपन्या याव्यात म्हणून हे केलं, आणि त्या आल्याही. पण गिऱ्हाइकाच्या हाती राहिला तो फक्त स्टिकर. माझ्या मते कंपन्यांचे पाय रॅलीतून तेव्हाच सुटू लागले. जी गोष्ट विकायची नाही, तिच्यावरचा खर्च संचालक मंडळाला किती वर्षं पटवणार?

जाणकारांनी लिहा. वेगळं मत असेल तर सविस्तर लिहा.

गिअरबॉक्स

चांगला धागा, घाटवळण. मी एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात ट्रान्समिशनवर काम करतो, म्हणून ऑडी क्वाट्रोबद्दल लिहितो.

१९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये ऑडीची माणसं गाड्यांच्या चाचण्या घेत होती. सोबत फोक्सवॅगनची इल्टिस ही लष्करी गाडी होती. ताकद बेताची, पण बर्फात ती दांडग्या गाड्यांना मागे टाकायची. यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने तिथून कल्पना उचलली की हेच चारही चाकांचं तंत्र वेगवान रस्त्यावरच्या गाडीला का बसवू नये. फर्डिनांड पिएख तेव्हा ऑडीच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख होते, त्यांनी ती उचलून धरली.

खरी अडचण जागेची होती. तोपर्यंत चारही चाकांना ताकद द्यायची म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे वेगळा ट्रान्सफर केस, तिथून पुढे जाणारा दुसरा शाफ्ट, असा जीपसारखा पसारा. वजन वाढतं, गाडी उंच होते. ऑडीने गिअरबॉक्समधला एक शाफ्ट पोकळ केला. इंजिनाची ताकद त्या पोकळ शाफ्टमधून मागे मधल्या डिफरेन्शियलपर्यंत (ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत) जाते. तिथे दोन वाटा होतात. एक प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांकडे जाते, आणि दुसरी त्याच पोकळ शाफ्टच्या पोटातून जाणाऱ्या बारीक शाफ्टने उलट पुढे येते. शाफ्टच्या आत शाफ्ट, दोन्ही स्वतंत्र फिरणारे. काही किलो वजनात काम झालं. आमच्या इथे नवीन मुलं आली की मी अजून त्यांना हाच छेद काढून दाखवतो.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हाला गाडी दाखवली. त्याच वर्षी पोर्तुगालच्या आल्गार्व्ह रॅलीत हानू मिक्कोला क्वाट्रो घेऊन स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासणारी 'झीरो कार' म्हणून धावला. त्याची वेळ अधिकृत धरली असती तर तो जवळपास अर्ध्या तासाने जिंकला असता. १९८१ मध्ये सान रेमो रॅली मिशेल मूतोंने क्वाट्रोतून जिंकली, जागतिक फेरी जिंकणारी पहिली स्त्री. १९८२ मध्ये तिने तीन फेऱ्या जिंकल्या आणि विजेतेपदाच्या शर्यतीत दुसरी आली.

रॅलीतून रस्त्यावर काय आलं असं कोणी विचारलं, तर आज ऑडीच्या शोरूममध्ये 'क्वाट्रो' लिहिलेली प्रत्येक गाडी हे उत्तर आहे.

प्रश्नचिन्ह

धागा वाचतोय. एक शंका. नियमामुळे चांगल्या गाड्या मिळाल्या म्हणता, मग ग्रुप बी मध्ये माणसं मेली त्याचं काय? तिथेही होमोलोगेशन होतंच की.

टर्बोलॅग

प्रश्नचिन्ह, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

ग्रुप बी ची अट २०० गाड्यांची. त्यात पुढे आणखी एक सवलत : एकदा २०० झाल्या की सुधारित आवृत्तीच्या फक्त २० बनवायच्या. एवढ्या गाड्या मोठी कंपनी कोपऱ्यातल्या शेडमध्ये हाताने जोडू शकते. म्हणजे नियम कागदावर होता, पण त्याचा दाब उरला नव्हता. प्यूजो २०५ टर्बो १६ बाहेरून २०५ सारखी दिसायची, इंजिन मात्र सीटच्या मागे आडवं. लान्चिया डेल्टा एस४ मध्ये तर एकाच इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही. १,७५९ सीसीचं इंजिन आणि नळ्यांच्या सांगाड्यावर पातळ कवच. पेट्रोलच्या टाक्या सीटखाली.

२ मे १९८५, कोर्सिका : लान्चिया ०३७ मध्ये आत्तिलियो बेत्तेगा गेला. मार्च १९८६, पोर्तुगाल : जोआकिम सांतोसची फोर्ड आरएस२०० गर्दीत घुसली, तीन प्रेक्षक गेले, तीसहून जास्त जखमी. २ मे १९८६, पुन्हा कोर्सिका : हेन्री तोइवोनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्तो यांची डेल्टा एस४ डाव्या वळणावरून खाली झाडीत गेली आणि पेटली. दोघेही बाहेर पडू शकले नाहीत. काही तासांतच मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष बालेस्त्र यांनी पुढच्या वर्षीपासून ग्रुप बी बंद जाहीर केला.

पोर्तुगालचे व्हिडिओ आजही बघवत नाहीत. लोक रस्त्यावर भिंतीसारखे उभे, गाडी आली की फाकायचे. काहीजण तर गाडीला हात लावायचा प्रयत्न करायचे. याला फक्त गाडी जबाबदार नव्हती.

प्यूजोने गाड्या भंगारात घातल्या नाहीत. संघाचे प्रमुख जाँ तॉद होते. त्यांनी २०५ वाळवंटात नेली आणि १९८७, १९८८ ची डकार रॅली जिंकली. पुढच्या दोन वर्षी ४०५ ने जिंकली. आणि ज्या साध्या २०५ च्या विक्रीसाठी हा सगळा खटाटोप होता, ती खरंच प्रचंड खपली.

घाटवळण, म्हणून तुमच्या मुद्द्यात एक भर. नियम असून भागत नाही, संख्या मोठी हवी. ५,००० गाड्या विकायच्या म्हटल्यावर कंपनीला माणसाने रोज चालवण्याजोगी गाडी बनवावीच लागते.

घाटवळण

टर्बोलॅग, हे फार चांगलं मांडलंत. ५,००० चा परिणाम लान्चियाकडेच दिसतो. एस४ बंद झाल्यावर त्यांच्याकडे तयार होती ती साधी पाच दरवाजांची डेल्टा एचएफ फोर-व्हील ड्राइव्ह. तिचीच पुढे इंटेग्राले झाली. १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं उत्पादकांचं विजेतेपद. आणि ती गाडी इटलीतला डॉक्टर मुलांना शाळेत सोडायलाही वापरायचा.

दादरकर

धागा वाचून लिहावंसं वाटलं. तुम्ही सगळे नियमांबद्दल बोलताय, मी रस्त्याबद्दल बोलतो.

१९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन मुंबईतून गेली होती हे आजच्या मुलांना ठाऊक नसतं. नोव्हेंबरात लंडनहून निघालेल्या गाड्या तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, दिल्ली करत मुंबईला आल्या. इथून 'चुसान' या बोटीवर चढवून त्या ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवल्या. दिल्ली ते मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची रांग. मुंबईत शिरल्या तेव्हा धुळीने रंग ओळखू येत नव्हता. मी शाळकरी होतो. वडिलांनी खांद्यावर घेतल्यामुळे मला दिसल्या. काच फुटलेली एक गाडी आणि आत मफलर गुंडाळून बसलेला लाल डोळ्यांचा ड्रायव्हर, एवढं चित्र अजून स्पष्ट आहे.

मुंबईपर्यंत रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पुढे होती. ऑस्ट्रेलियात ती मागे पडली. शेवटी सित्रोएन डीएसमध्ये ल्यूसियाँ बियांकी आघाडीवर असताना सिडनी हाताच्या अंतरावर आलं, आणि समोरून आलेल्या गाडीवर आदळून सगळं संपलं. जिंकली अँड्र्यू कॉवनची हिलमन हंटर. साधी, चौकोनी, कुटुंबाची गाडी. रूट्स कंपनीने एवढ्या मोठ्या नावांना हरवलं ते कुठल्याही होमोलोगेशनने नाही. त्या गाडीने खड्डे पचवले म्हणून.

पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीतही हेच. १९५३ ची पहिली सफारी फोक्सवॅगन बीटलने जिंकली. साठच्या दशकात प्यूजो ४०४ ने ती चार वेळा जिंकली, आणि प्यूजो आफ्रिकेत घरोघरी पोचली. केनियाचे जोगिंदर सिंग तीन वेळा जिंकले : १९६५ मध्ये व्होल्वोत, १९७४ आणि १९७६ मध्ये मित्सुबिशी लान्सरमध्ये. मित्सुबिशीचं नाव जगाच्या रॅलीत पहिल्यांदा गाजवलं ते या सरदारजींनी. आणि शेखर मेहता! युगांडात जन्मलेले, गुजराती घरातले. पाच सफारी जिंकल्या, पाचही डॅटसनमध्ये. त्यातल्या १९७९ ते १९८२ सलग चार. १९७३ ला तर हॅरी केलस्ट्रमशी गुण बरोबरीत सुटले होते, मेहता टायब्रेकवर जिंकले. जपानी गाड्या कचकड्याच्या, हा समज आफ्रिकेत ज्यांनी मोडला त्यांत या माणसाचं नाव पहिलं.

माझं मत असं, की कंपनी रॅलीत राहते ती तिची नेहमीची गाडी लोकांना दिसते तोपर्यंत. कायद्याने किती विकल्या हा नंतरचा प्रश्न.

नाशिकची_माती

दादरकर काका, मनापासून आभार. मेहतांबद्दल आमच्या इथल्या जुन्या रॅलीवाल्यांकडून ऐकलं होतं. पुढे ते आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रॅली आयोगाचे प्रमुखही झाले.

घाटवळण

काका, तुमचा आणि माझा मुद्दा एकाच जागी येतो. हंटर आणि ४०४ तेव्हा जशा विकत मिळत होत्या जवळपास तशाच धावल्या, कारण त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. पैसा आणि तंत्र वाढलं तशी धावणारी गाडी विकणाऱ्या गाडीपासून लांब जायला लागली. तिला धरून ठेवायला नियम लागला. लान्चिया स्ट्राटोस ही पहिली अशी गाडी, जी रॅलीसाठीच जन्माला आली. फेरारीचं व्ही६ इंजिन, मधोमध बसवलेलं, आखूड बांधा, घाटात भिंगरीसारखी वळणारी. १९७४ ते ७६ तीन विजेतेपदं. ती विकण्यासाठी बनवली नव्हती, नियमाने विकायला लावली.

गिअरबॉक्स

ग्रुप ए बद्दल फक्त चांगलंच लिहिलं जातंय, म्हणून १९९५ चं टोयोटा प्रकरण इथे नोंदवतो. नियम घट्ट झाला की चलाखी किती बारीक होते ते त्यात दिसतं.

टर्बोच्या तोंडाशी रेस्ट्रिक्टर बसवायचा, त्याचं भोक ३४ मिलिमीटर. जेवढी हवा तेवढीच ताकद, म्हणजे सगळ्या गाड्या साधारण एका पातळीवर. १९९५ च्या कातालुन्या रॅलीत टोयोटा सेलिकाचा टर्बो तपासणीत उघडला. रेस्ट्रिक्टरच्या बैठकीत स्प्रिंग वॉशर लपवलेले. हवेचा पाइप ठरावीक पद्धतीने क्लिपने आवळला की रेस्ट्रिक्टर काही मिलिमीटर पुढे सरकायचा आणि बाजूच्या फटीतून जास्तीची हवा टर्बोत शिरायची. तपासायला क्लिप सैल केली की स्प्रिंग सगळं परत जागेवर ढकलायचे. हातात धरून मोजलं तर भोक बरोबर ३४. बाहेरून कुठेही खूण नाही.

टोयोटाचे त्या वर्षीचे सगळे गुण गेले आणि बारा महिन्यांची बंदी आली. त्याच रॅलीत सुबारूचे साइन्झ आणि मॅक्रे बरोबरीत धावत होते, आणि संघाच्या आदेशावरून मोठा वाद झाला. पुढच्या फेरीत, ब्रिटनमध्ये, कॉलिन मॅक्रे विश्वविजेता झाला.

मी हे वाचलं तेव्हा कारागिरीने थक्क झालो आणि तितकाच रागही आला. एवढं डोकं गाडी चांगली करण्यात घातलं असतं तर?

मेघना_फ्रँकफर्ट

घाटवळण दादा, तुमच्या १९९७ च्या मुद्द्याला माझा अर्धा विरोध आहे.

मी फ्रँकफर्टला राहते. ह्युंदाई मोटरस्पोर्टचं ठिकाण, आल्त्सेनाऊ, इथून जवळच. ह्युंदाई आधी २००० ते २००३ अ‍ॅक्सेंट घेऊन उतरली होती. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसायची तीच अ‍ॅक्सेंट. पैसे अपुरे पडले, हंगाम अर्धवट सोडून निघून गेली. तेव्हा तिला कोणी गांभीर्याने घेतलं नाही. २०१४ मध्ये आय२० घेऊन परत आली ती स्वतःचा पूर्ण कारखाना उभा करून.

त्या वर्षीची जर्मनीची रॅली मी पाहिली आहे. मोझेल नदीकाठचे द्राक्षमळे, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारे, मधून एका गाडीपुरता डांबरी रस्ता. आणि दुसरीकडे बाउमहोल्डरचं लष्करी मैदान, जिथे रणगाड्यांचा सराव चालतो. रणगाडे रस्ता सोडून जाऊ नयेत म्हणून कडेला मोठमोठे दगड रोवलेत, त्यांना हिंकेलस्टाइन म्हणतात. गाडीने वळण हातभर जास्त घेतलं की चाक त्या दगडावर, आणि रॅली संपली. रणगाडा थांबवणाऱ्या दगडापुढे गाडीचं सस्पेन्शन काय टिकणार!

गुरुवारी सराव धावेत थिएरी न्यूविलची आय२० द्राक्षमळ्यात कोलांट्या खात गेली. मेकॅनिकांनी रात्रीत गाडी पुन्हा उभी केली. सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागी, मी जाळीच्या बाहेरून बघत होते. एकजण फक्त चिखल आणि वेली ओरबाडून काढत होता, दुसरा दरवाजा बसवताना तो चौकटीशी जुळेना म्हणून गुडघ्याने दाबत होता. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. रविवारी तीच गाडी पहिली आली. फोक्सवॅगनच्या दोन्ही आघाडीच्या गाड्या रस्त्याबाहेर गेल्या होत्या हे खरं, पण शेवटपर्यंत पोचणं हीच रॅली. ह्युंदाईचा जागतिक रॅलीतला तो पहिला विजय.

सांगायचं हे, की नियमाने बांधलेलं नसतानाही कंपनीने त्यातून गाडी काढली. युरोपात आय२० एन नावाची २०४ अश्वशक्तीची हॅचबॅक आली. भारतात एन लाइन आली, ती सौम्य आहे, पण मूळ तेच. रॅलीत कमावलेलं नाव कंपनीला विकायचं असतं, त्यासाठी बळजबरी लागत नाही.

घाटवळण

मेघना, वर्णन वाचून रोमांच उभे राहिले. मुद्दाही मान्य, पण आय२० एन पुढच्या दोन चाकांवर चालते. रॅलीतली चारही. हाच तो फरक.

आता ज्या गाडीसाठी मी हा धागा काढला तिच्याबद्दल. टोयोटा जीआर यारिस.

साधी यारिस पाच दरवाजांची आहे. जीआर तीन दरवाजांची, कारण छत मागे खाली उतरवलं तर मागच्या पंखाला स्वच्छ हवा मिळते. त्यासाठी वेगळी बॉडी, छत कार्बनचं. पुढचा अर्धा भाग छोट्या गाडीच्या प्लॅटफॉर्मचा (गाडीच्या खालच्या पायाचा), मागचा अर्धा मोठ्या गाडीचा, कारण फोर-व्हील ड्राइव्ह आणि मागचं डबल विशबोन सस्पेन्शन छोट्यात मावत नव्हतं. दोन वेगवेगळे प्लॅटफॉर्म मध्ये जोडले! १.६ लिटरचं तीन सिलिंडरी टर्बो इंजिन. कुठल्याही हिशोबनिसाने ही गाडी मंजूर केली नसती. ती मंजूर झाली ती २०२१ च्या रॅली कारसाठी होमोलोगेशन हवं म्हणून, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आकिओ टोयोडा स्वतः रॅली चालवतात म्हणून.

कोविडमुळे ती रॅली कार धावलीच नाही. २०२२ पासून रॅली१ नावाचे नवे नियम आले. त्यात नळ्यांचा सांगाडा, वर फक्त ओळखीचा चेहरा, आणि हायब्रिड, जे २०२५ मध्ये काढूनही टाकलं. म्हणजे शोरूमशी उरलासुरला धागाही गेला. पण जीआर यारिस तोवर जन्मली होती, लोकांनी उचलून धरली, आणि २०२४ पासून तिच्यावर बनवलेली रॅली२ (रॅली१ च्या खालच्या गटातली) गाडी खासगी ड्रायव्हर विकत घेऊन पळवतायत. नियम गेला तरी गाडी उरली.

ती भारतात अधिकृतपणे मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टर्बोलॅग

रॅली२ चा विषय काढलात ते बरं केलंत. कंपनी टिकण्याचा खरा रस्ता तिथे आहे असं मला वाटतं. स्कोडा बघा. जागतिक विजेतेपदाच्या मागे लागणं त्यांनी सोडलं. रस्त्यावरच्या फाबियाची बॉडी, १.६ टर्बो, किमतीवर मर्यादा, आणि गाडी ज्याला हवी त्याला विकायची. सुटे भाग, मेकॅनिकचं प्रशिक्षण, सगळं पैसे देऊन मिळतं. रॅली हा खर्चाचा खड्डा न राहता धंदा झाला. युरोपातल्या गावोगावच्या रॅलीत फाबिया दिसते ती यामुळे.

आणि त्या फाबियाने आपल्यालाही दिलंय. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक विजेतेपद तीन वेळा जिंकलं, २०१३, २०१६ आणि २०१७, एमआरएफ संघाकडून, तिन्ही वेळा फाबियात. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. एमआरएफचे टायर तर युरोपात जाऊन जिंकलेत. २०२२ ची युरोपियन विजेतेपदाची गाडी एमआरएफवर धावत होती.

संभाजीनगरच्या मंडळींसाठी : २००१ मध्ये शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली, त्याच वर्षी सफारी रॅलीत आर्मिन श्वार्ट्झ ऑक्टाव्हियातून तिसरा आला होता. त्या शेडमध्ये काम करणाऱ्या कितीजणांना तेव्हा हे कोणी सांगितलं असेल?

प्रश्नचिन्ह

मग आपल्या कंपन्या काय करतात? चाकणमध्ये एवढे कारखाने आहेत.

नाशिकची_माती

प्रश्नचिन्ह, यावर मी लिहितो. आमच्याकडे रॅली ऑफ महाराष्ट्र होते, राष्ट्रीय स्पर्धेची फेरी, तिथे मी मार्शल, म्हणजे रस्त्यावर सुरक्षेची देखरेख करणारा, म्हणून उभा राहत आलोय.

आपल्या राष्ट्रीय रॅलीचा पाया खासगी माणसांनी घातला. गाडी स्वतःची, गॅरेजवाला मित्र, टायरला कुठून तरी मदत. जिप्सीला वेगळा गट होता, आणि जिप्सी चालवून हात बसलेले कितीतरी ड्रायव्हर आहेत. मग एस्टीम, बलेनो, होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी सीडिया, आणि नंतर चाकणची पोलो. पोलोचं नाव घेतलं की इथली पोरं आजही डोळे चमकवतात. सेबास्तियाँ ओजिएने २०१३ ते २०१६ चार विश्वविजेतेपदं पोलोत जिंकली ती गाडी अर्थातच वेगळी होती, पण सर्व्हिसला उभ्या असलेल्या आपल्या पोलोकडे बघताना कोणाला ते आठवत नाही?

कंपनी म्हणून स्वतः उतरली ती महिंद्रा. चाकणला बनणारी एक्सयूव्ही ५०० त्यांनी मातीच्या स्टेजवर (रॅलीत वेळ मोजला जातो त्या बंद रस्त्याच्या टप्प्यावर) आणली. गौरव गिल, अमित्रजित घोष यांनी ती चालवली. एवढी उंच, जड गाडी वळणात तिरकी होऊन येताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा सगळे मार्शल दोन पावलं मागे सरकले. छोट्या हॅचबॅकच्या घोळक्यात ती जिंकायची. नंतर एक्सयूव्ही ३०० आणली, ती तर आमच्या नाशिकचीच. मारुतीने नाव दिलं ते रेड दे हिमालय आणि डेझर्ट स्टॉर्मसारख्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांना. दुचाकीत हीरोने डकारमध्ये रॅली मोटरसायकल उतरवली, २०२४ ला रॉस ब्रांच दुसरा आला.

घाटवळण दादांचा मुद्दा मला इथे पटतो. आपल्याकडे कंपनीला कुठलाच नियम विचारत नाही की बाई, तू जी गाडी पळवतेस ती विकतेस का. आणि विकत मिळणाऱ्या गाडीत रॅलीवाल्याला हवं ते नसतं. तरुण मुलाला काय लागतं? कमी किमतीची, हलकी, साध्या हँडब्रेकची गाडी. रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवायला कंपनीकडून मिळालेला नकाशा. सुटे भाग सवलतीत. फ्रान्स, इंग्लंडमध्ये कंपन्या नवशिक्यांसाठी तयार रॅली गाडी विकतात. सुझुकीने इग्निस आणि स्विफ्ट घेऊन ज्युनिअर जागतिक विजेतेपद मिळवलंय, २००४ आणि २००७ ला पी. जी. अँडरसनने. तीच स्विफ्ट इथे लाखांनी विकली गेली. तिची नवशिक्यांसाठीची रॅली आवृत्ती मारुतीने शोरूममधून दिली असती, तर आज नाशिक, पुणे, कोल्हापूरमधून किती पोरं उभी राहिली असती! पुण्याचे संजय टकले स्वतःच्या जिद्दीवर जागतिक फेऱ्यांपर्यंत पोचले. प्रत्येकाला तेवढं झेपत नाही.

दादरकर

हे अगदी खरं. गाडी हातात हवी.

मेघना_फ्रँकफर्ट

नाशिकच्या दादांना अनुमोदन. २०२७ पासून जागतिक पातळीवरही नवे नियम येतायत. गाडीच्या किमतीवर ३,४५,००० युरोची मर्यादा, आणि मोठी कंपनी नसलेल्या खासगी संस्थेलाही स्वतःची गाडी बनवून उतरायची परवानगी. सांगाडा नळ्यांचाच राहणार, म्हणजे शोरूमचं नातं परत येत नाही. पण एखादी भारतीय संस्था उद्या गाडी बनवू शकेल का, हा प्रश्न पहिल्यांदाच विचारता येईल असा झालाय.

घाटवळण

चेन्नई, कोइमतूर, पुणे इथे ट्यूनिंग करणारी माणसं आहेत, ती हाताने इंजिनं उभी करतात. सांगाड्याचं वेल्डिंग, सस्पेन्शनचे हात, हे चाकण-भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपला जमण्यासारखं आहे. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल बाहेरून आणावे लागतील. ते तर मोठे संघही बाहेरूनच घेतात.

गिअरबॉक्स

डिफरेन्शियलचं मी बघतो :) मनापासून लिहितोय. या विषयावर वेगळा धागा काढा, आकृत्या टाकतो.

प्रश्नचिन्ह

मला आधी एकदा बघायची आहे. नाशिकला आलो तर कुठे उभं राहायचं?

नाशिकची_माती

जरूर या. राष्ट्रीय स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर झालं की तारीख इथे टाकेन. सर्व्हिस पार्कमध्ये आधी जा, तिथे गाड्या जॅकवर असतात, वीस मिनिटांत गिअरबॉक्स उतरवून चढवलेला बघायला मिळतो, आणि मेकॅनिक मोकळे असले की माहितीही देतात. स्टेजवर पहिली गाडी सुटायच्या बऱ्याच आधी पोचा, नंतर रस्ता बंद होतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नका, गाडी सुटली तर तिकडेच येते. आतल्या बाजूला, रस्त्यापेक्षा उंच बांधावर जागा धरा, आणि मागे पळायला वाट आहे ना ते बघा. पट्टी लावलेली असेल तिथे पट्टीच्या मागे. मार्शलने शिट्टी वाजवली की फोन खाली. टोपी, पाणी, खायला काहीतरी बरोबर ठेवा, शेवटची गाडी गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.